संगिनीवरील कारखान्याची मोहोर



कामगार चळवळीतला मनुष्य व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असे धरून मंडळी बसलेली असतात. आज मी जुन्या लष्करी संगिनींवरील ठशांविषयी बोलणार आहे. हा विषय माझ्या नित्याच्या कामाला वाटतो तितका परका नाही. संगीन शिपायाच्या हाती जाण्यापूर्वी ती घण मारणाऱ्याच्या, पोलादाला पाणी देणाऱ्याच्या, सहाणेवर धार काढणाऱ्याच्या हातून गेलेली असते. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी अक्षरे मला खऱ्या अर्थाने वाचता येऊ लागली ती सोलापूरच्या एका गिरणीत, साचेखात्यात बदली कामगार असताना, यंत्रांवरच्या ओतीव पाट्यांवरून. लोखंडावर उमटवलेले नाव वाचण्याची खोड तेव्हापासूनची आहे.

प्रथम ठसे कोठे शोधावयाचे ते सांगतो. संगिनीच्या पात्याचा मुठीलगतचा, धार नसलेला जो सपाट भाग असतो तेथे बहुतेक देशांनी मुख्य ठसे मारले. दुसरी जागा पात्याची पाठ. तिसरी मुठीजवळची आडवी पट्टी, जिच्या कड्यातून बंदुकीची नळी जाते. चौथी मुठीचे बोंड, आणि पाचवी म्यानाचे तोंड. या पाच जागा भिंगातून पाहिल्याशिवाय कोणतेही मत देऊ नये. सगळ्या ठशांचा अर्थ एक नसतो हेही लक्षात ठेवावे. एक ठसा नमुन्याचे वर्ष सांगतो, एक बनवण्याची तारीख, एक कारखान्याचे नाव, एक तपासनिसाची सही, एक सरकारी मालकी आणि एक पलटणीतला क्रमांक. घोटाळे होतात ते या सहांपैकी एकाला दुसरा समजल्यामुळे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याकडेच सापडते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतील पुष्कळ घरांतले पुरुष पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण त्या युद्धात पडले, त्यांच्या स्मरणाची शिला गावात आहे. त्या भागातल्या एका घरी मला एक संगीन दाखवण्यात आली. पात्यावर मुकुट, त्याखाली अक्षरे आणि त्याखाली १९०७ हा आकडा. घरच्यांनी पणजोबांच्या भरतीचे साल त्यावरून ठरवून टाकले होते. वस्तुतः हा आकडा ब्रिटिश लष्कराने मंजूर केलेल्या नमुन्याचे वर्ष आहे. हा नमुना जपानी तीस नंबरच्या संगिनीवरून घेतलेला, पाते १७ इंचांचे. संगीन कधी घडली ते या आकड्याच्या खाली पाहावयाचे असते. तेथे आधी महिना आणि मग वर्षाचे दोन आकडे असतात. म्हणजे ५ आणि १६ असे दिसले तर मे १९१६. त्याच्या खाली कारखान्याचे नाव. मुकुटाखाली ई. आर. असेल तर राजा सातवा एडवर्ड, तो १९१० मध्ये वारला, तेव्हा संगीन अगदी आरंभीच्या काळातली. जी. आर. असेल तर पाचवा जॉर्ज. आरंभीच्या संगिनींच्या आडव्या पट्टीला खाली वाकडा आकडा असे, तो १९१३ पासून काढून टाकण्यात आला. हा आकडा शाबूत असलेल्या संगिनीला बाजारात मोठी किंमत येते, म्हणून नंतर डाग देऊन जोडलेले आकडेही बाजारात पुष्कळ आहेत.

नावे मोजकीच आहेत. लंडनचे विल्किन्सन, शेफील्डचे सँडरसन आणि चॅपमन, बर्मिंगहॅमचे मोल, व्हिकर्स, आणि सरकारी एनफील्ड कारखाना. या शेवटच्याचे पूर्ण नाव न घालता इ. एफ. डी. एवढीच अक्षरे मारीत. विल्किन्सनचे नाव पुढे दाढीच्या पात्यांवरून आपल्या घराघरांत पोचले, कंपनी तीच. ऑस्ट्रेलियात लिथगो येथे १९१२ मध्ये सरकारी कारखाना सुरू झाला, तेथील संगिनींवर लिथगो हे नाव येते.

अशीच चूक १९१३ या आकड्याची. तोही नमुन्याचा. अमेरिकेतील रेमिंग्टन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी ब्रिटिश सरकारसाठी त्या नमुन्याच्या संगिनी महायुद्ध सुरू झाल्यावर बनवल्या. रेमिंग्टनचे नाव वर्तुळात असते, विंचेस्टरचे नुसते डब्ल्यू अक्षर वर्तुळात. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तोच माल तिने स्वतःसाठी घेतला. तेव्हा अमेरिकी शस्त्रखात्याचा जळत्या बाँबगोळ्याचा ठसा आणि यू. एस. ही अक्षरे आली. एकाच पात्यावर दोन सरकारांचे ठसे, त्यांतील जुने खोडलेले, असे दिसले म्हणजे माल खोटा समजू नये. मुठीच्या लाकडावर दोन आडवे खाचे असतील तर ती याच जातीची. १९०७ च्या बंदुकीला ही बसत नसे आणि अंधारात हाताला फरक कळावा म्हणून ते खाचे पाडले होते.

आता पात्याची दुसरी बाजू. येथे ब्रिटिश सरकारी मालकीचा रुंद बाण असतो. त्याशेजारी फुलीसारखे एक्स अक्षर दिसते. पुष्कळांना ते रद्द मालाचे चिन्ह वाटते. खरे तर पाते वाकवून पाहिले आणि ते सरळ होऊन आले, याची ती खूण आहे. त्याच बाजूला छोटे छोटे मुकुट, खाली एक आकडा आणि त्याखाली एक अक्षर असते. अक्षर तपासणीच्या ठिकाणाचे, उदाहरणार्थ ई म्हणजे एनफील्ड, आणि आकडा तपासनिसाचा. दोन बाण टोकाला टोक लावून मारलेले असतील तर तो माल सरकारने सेवेतून काढून विकला. डी. पी. अशी अक्षरे असतील तर नुसत्या कवायतीपुरता.

येथे थोडे थांबतो. या सबंध पोलादावर राजाचे नाव आहे, कंपनीच्या मालकाचे नाव आहे, तपासनिसाचा आकडा आहे. ज्याने ते पाते भट्टीतून काढून घडवले त्याची एक रेघही नाही. जर्मनीत तपासनिसाच्या आडनावाचे आद्याक्षर वळणदार लिपीत, मुकुटाखाली मारीत. फ्रान्समध्येही तपासनिसांची अक्षरे. सर्वत्र प्रकार एकच. ज्या कारखान्यात मी पुढे काम केले तेथे तपासणीचा ठसा साहेबाच्या कपाटात कुलपात असे आणि माल नापास झाला की कपात मात्र यंत्रावरच्या माणसाच्या पगारातून होई. हाताखालून गेलेल्या हजारो नगांवर त्या माणसाची कोणतीच खूण नसे. म्हणून संग्राहक मंडळी तपासनिसांच्या आकड्यांच्या लांबलचक याद्या करतात तेव्हा मला त्या उपयोगी वाटतात, पण त्यांचे कौतुक मला त्यांच्याइतके होत नाही.

हिंदुस्थानच्या संगिनींकडे येतो. बंगालमध्ये बराकपूरजवळ इशापूर येथे सरकारी रायफल कारखाना आहे, त्याची आर. एफ. आय. ही अक्षरे. हिंदी लष्कराच्या मालकीसाठी बाणाला आय हे अक्षर जोडलेले असे. इशापूरच्या मालावर मुकुटाखाली जी. आर. आय. अशी तीन अक्षरे दिसतात. तिसरे अक्षर सम्राट या पदवीचे. इंग्लंडच्या राजाने ही हिंदुस्थानची पदवी १९४८ मध्ये अधिकृतपणे सोडली. त्यानंतर इशापूरच्या बंदुकांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. सत्तांतर कधी झाले हे शिकवायला पुस्तके आहेत, पण मुकुटाचा पंच बाजूला ठेवून सिंहाचा पंच हाती घेणारा तो कामगार माझ्या डोळ्यांपुढे अधिक स्पष्ट उभा राहतो.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्कराला १७ इंची पाते फार लांब वाटू लागले, तेव्हा जुन्या संगिनी सुमारे १२ इंचांवर कापण्यात आल्या. ओळखण्याची खूण सोपी आहे. पात्याच्या अंगावर जी लांब पन्हळ असते ती मूळच्या संगिनीत टोकाच्या बऱ्याच अलीकडे संपते. कापलेल्या संगिनीत ती जवळजवळ टोकापर्यंत जाते. अशा संगिनीवर सँडरसन आणि १९१७ असे ठसे असले तरी तिचे आजचे रूप हिंदुस्थानातल्या सहाणेवर झालेले आहे. याउलट नव्याने बनवलेल्या आखूड संगिनींना बहुधा पन्हळच नसते आणि आर. एफ. आय. बरोबर चाळिशीतले साल असते. ही पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते असे सांगणारे महाभाग प्रत्येक गावात भेटतात. ती पाते हलके आणि तरीही ताठ राहावे म्हणून असते, घराच्या पत्र्याला नागमोडी वळणे देतात त्याच न्यायाने. अपशिंगेच्या बाजूच्या ज्या घराचे मी सांगितले त्या घरची संगीन अशीच, पन्हळ टोकाला गेलेली, कापलेली होती. म्हणजे पणजोबांच्या मेसोपोटेमियातून ती या रूपात आलेली असणे शक्य नव्हते. ती बहुधा पुढच्या पिढीतल्या, दुसऱ्या युद्धात गेलेल्या आजोबांची. घरातल्या म्हाताऱ्या आजींना हे ऐकून वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. त्यांना उलट आनंद झाला. पणजोबांचा फोटो भिंतीवर होता, आजोबांची मात्र घरात एकही वस्तू राहिलेली नव्हती.

इशापूरचा उल्लेख आला म्हणून जाता जाता सांगतो. देशातील शस्त्रास्त्र कारखान्यांचे मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातील संपाला बंदी घालणारा कायदाही झाला. पुढच्या काळातल्या ठशांचा अभ्यास करणाऱ्यांनी ही तारीख टिपून ठेवावी.

जर्मन संगिनींची वाचनपद्धती निराळी. तेथे पात्याच्या पाठीवर मुकुट, त्याखाली राजाचे आद्याक्षर आणि वर्षाचे दोन आकडे. डब्ल्यू आणि १५ म्हणजे प्रशियाचा विल्हेल्म, १९१५. बव्हेरियासाठी एल, सॅक्सनीसाठी एफ. ए. कारखान्याचे नाव मुठीलगतच्या सपाट भागावर, पुष्कळदा गावासह. गाव बहुधा झोलिंगेन, कारण सुऱ्याकात्र्यांचा तो पिढीजात धंदा. वायर्सबर्ग आणि किर्शबाउम या दोन घराण्यांच्या कंपन्या १८८३ मध्ये एक झाल्या, त्यांचे चिन्ह राजाचे मस्तक आणि शिरस्त्राण घातलेल्या सरदाराचे मस्तक असे जोडीचे आहे. आइकहॉर्नची खार, कॉपेलचा तराजू. अक्षर न येणाऱ्या गिऱ्हाइकालाही माल ओळखता यावा म्हणून ही चित्रे आली. आपल्याकडे काडीपेटीवर घोडा आणि जहाज कशासाठी असते ते आठवा.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर बंधने घातली होती. हिटलरच्या राजवटीत चोरून शस्त्रे वाढवली जात होती तेव्हा कारखान्यांची नावे गेली आणि त्यांच्या जागी एस आणि तिरकी रेघ देऊन आकडे आले. आइकहॉर्नचा आकडा १७२. पुढे तीन छोट्या अक्षरांची सांकेतिक नावे आली. सी. ओ. एफ. म्हणजे आइकहॉर्न, ए. एस. डब्ल्यू. म्हणजे ह्योर्स्टर, सी. व्ही. एल. म्हणजे वायर्सबर्ग-किर्शबाउम, एफ. एन. जे. म्हणजे कॉपेल. त्यांच्याबरोबर गरुड आणि तपासणी पथकाचा आकडा. चेकोस्लोव्हाकियातला बर्नोचा मोठा शस्त्रकारखाना जर्मनांनी बळकावला, त्याचे सांकेतिक नाव डी. ओ. टी.

या याद्या पाठ करता येतात. पण एका नावापाशी जरा अधिक वेळ काढावा असे मला वाटते. झुल या गावी सिम्सन नावाच्या ज्यू घराण्याचा कारखाना होता. १९२० नंतरच्या दशकात जर्मन सैन्याला काही शस्त्रे अधिकृतपणे पुरवण्याचा मक्ता त्यांच्याकडे होता. जुन्या संगिनींवर त्यांचे नाव, सिम्सन आणि कंपनी, झुल, असे स्पष्ट वाचता येते. नाझी सत्तेवर आले. १९३५ मध्ये आर्थर सिम्सनला तुरुंगात टाकून कारखाना घराण्याच्या हातून काढून घेण्यात आला, पुढे कुटुंब देश सोडून निसटले. हे करवणारा प्रांताधिकारी फ्रिट्झ झाउकेल. कारखान्याचे नाव आधी बर्लिन-झुल असे झाले, नंतर तो गुस्टलॉफ या नावाच्या नाझी संस्थेत घातला गेला, आणि गुस्टलॉफच्या कामासाठी बुखेनवाल्ड छळछावणीतल्या कैद्यांना राबवण्यात आले. हाच झाउकेल १९४२ पासून सबंध जर्मन साम्राज्यासाठी परदेशी मजूर पकडून आणण्याच्या खात्याचा प्रमुख झाला. लाखो माणसे त्याने घरांतून, शेतांतून, रस्त्यांतून उचलून कारखान्यांत नेली. न्यूरेंबर्गच्या खटल्यात दोषी ठरून १९४६ मध्ये तो फासावर गेला. झोलिंगेनच्या कॉपेल घराण्याचीही गत अशीच झाली. कारखाना गेला, आणि वृद्ध अलेक्झांडर कॉपेल १९४२ मध्ये टेरेझिनच्या छावणीत मरण पावला. तेव्हा १९३४ च्या सुमारास एक नाव असलेली आणि १९४० च्या सुमारास दुसरीच खूण असलेली, पण एकाच छपराखाली बनलेली दोन पाती शेजारी ठेवली, तर मधल्या रिकाम्या जागेत काय घडले ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठशांचा खरा अर्थ लागतो. बाजारात मात्र गरुडाच्या ठशामुळे दुसऱ्या पात्याला अधिक भाव मिळतो.

फ्रेंच मालाबद्दल थोडक्यात. १८६६ आणि १८७४ च्या नमुन्यांच्या लांब संगिनींच्या पाठीवर, हाताने पत्र लिहावे तशा वळणात, कारखाना, महिना आणि वर्ष कोरलेले असते. सेंत एतिएन, शातेलेरो, त्यूल अशी गावे. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात कारखान्याच्या नावाला शाही हे विशेषण असे, १८७० मध्ये साम्राज्य कोसळताच ते गळाले. म्यूत्सिग हे गाव आल्सास प्रांतात, तो १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला. तेव्हा पाठीवर म्यूत्सिग आणि साल १८७५ अशी जोडी कोणी दाखवली तर मुकाट्याने पैसे खिशात घालून घरी यावे.

दुसऱ्या महायुद्धातल्या ठशांत मला सर्वांत गोडी वाटते. शस्त्रकारखाने पुरेनात, तेव्हा सरकारांनी ज्याच्याकडे भट्टी, प्रेस आणि सहाण आहे त्याला काम दिले. ब्रिटनने पाते सोडून आठ इंची गोल खिळ्यासारखी संगीन काढली. तिच्यावर एस. एम. अक्षरे दिसली तर ती क्लाइडबँकच्या सिंगर कंपनीची. होय, शिवणयंत्रवाली सिंगर. त्याच जातीच्या संगिनी कीथलीच्या प्रिन्स-स्मिथ यांनी आणि ॲक्रिंग्टनच्या हॉवर्ड अँड बुलो यांनी केल्या. या शेवटच्या नावावर माझा डोळा खिळला, कारण आरंभी म्हटले त्या ओतीव पाट्यांपैकी एक याच नावाची होती. त्यांच्या साच्यांवर आपल्या मुंबई-सोलापुरातल्या पिढ्यांनी सूत काढले. अमेरिकेत ओ. एल. म्हणजे ओनायडा, काटेचमचे करणारी कंपनी, जिचे मूळ १८४८ मध्ये स्थापन झालेल्या एका धार्मिक वसाहतीत आहे. ए. एफ. एच. म्हणजे अमेरिकन फोर्क अँड हो, शेतीची दाताळी आणि खुरपणीची अवजारे करणारी. लिथगोच्या युद्धकालीन संगिनींच्या लाकडी मुठीवर एस. एल. ए. झेड. असते, ते टेनिसच्या रॅकेटी करणारे स्लॅझेंजर. जपानमध्ये तीस नंबरच्या संगिनी बनवणाऱ्यांत टोयोडा स्वयंचलित माग कारखाना होता. याच टोयोडाच्या मागाचे हक्क १९२९ मध्ये लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले होते. विणकामात एकमेकांशी व्यवहार केलेले दोन देशांचे यंत्रकारखाने बारा-पंधरा वर्षांत एकमेकांच्या शिपायांसाठी टोके घडवीत होते.

आता खऱ्याखोट्याची पारख. खरा ठसा पोलादी पंचाने ठोकून मारलेला असतो. ठोकल्याने धातू बाजूला सरकतो, म्हणून अक्षराच्या काठाला बारीक वरंबा राहतो. हाताने मारलेल्या ठशांची खोली सगळीकडे सारखी नसते, एखादे अक्षर एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ असते, ओळ थोडी तिरपी जाते. आम्लाने खाऊन किंवा कोरणीच्या यंत्राने केलेल्या नकली अक्षराचा तळ सपाट आणि काठ कोरे असतात. ओतून केलेल्या नकलेत अक्षरांचे कोपरे मेणासारखे गोल येतात. अक्षराच्या खोबणीत आणि भोवतालच्या पृष्ठभागात गंजाचे वय सारखे आहे का तेही पाहावे. गंजाने खाल्लेल्या खड्ड्याच्या मधोमध ठसा स्वच्छ उमटलेला असेल तर ठसा गंजानंतरचा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

सगळे ठसे खरे असूनही वस्तू जोडकाम असू शकते. युद्धात म्याने बदलली गेली, मुठी बदलल्या, दुरुस्तीनंतर पुन्हा दिलेल्या संगिनींवर नव्या सालाचे आकडे पडले. म्यानाच्या तोंडावरचा क्रमांक आणि आडव्या पट्टीवरचा क्रमांक जुळला तर भाग्य. न जुळला तर विकणाऱ्याशी भाव करताना तो मुद्दा काढावा, वस्तू टाकून देऊ नये. मात्र घेण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारावे. शस्त्र अधिनियम १९५९ लांब पात्यांनाही लागू पडू शकतो, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. घरात वडिलार्जित संगीन असेल त्यांनीही ही चौकशी करून ठेवावी.

शेवटी घरातल्या संगिनीचे काय करावे ते सांगतो. पॉलिश पेपर लावू नका, चिंच-लिंबू लावू नका, पितळ उजळण्याची पेस्ट तर मुळीच नको. एका दिवाळीच्या साफसफाईत शंभर वर्षे टिकलेले अक्षर जाते. मऊ फडक्याला यंत्राचे पातळ तेल लावून पुसावे, एवढे पुरे. अंधाऱ्या खोलीत बॅटरी पात्याच्या पातळीत आडवी धरावी. समोरून प्रकाश टाकल्यावर न दिसणारी अक्षरे तिरप्या उजेडात सावली घेऊन वर येतात. मग पातळ कागद ठशावर ताणून धरावा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवावी, मुले नाण्याचा छाप घेतात तशी. पाचही जागांचे पाच छाप घ्यावेत. प्रत्येकाखाली तो कोठून घेतला ते आणि संगीन घरात कोणामुळे आली त्याचे संपूर्ण नाव, गाव आणि पलटण लिहावी, कारण पोलादावर ते कोठेच लिहिलेले नसते.